पोकळ, भरीव की कवचात कवच? धातू-ऑक्साइडचे सूक्ष्मगोल बनवायच्या चार वाटा

शोधनिबंधातला एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) फोटो बघून पद्धत ठरवायची, ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी सवय. फोटोत गोळे एका मापाचे, गुळगुळीत दिसतात. त्या खेपेत एकूण ०.३ ग्रॅम पूड निघाली होती, हे काही फोटोत दिसत नाही. तुम्हाला वायू-सेन्सरवर लावायला ५० मिलिग्रॅम हवी आहे की बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी ५० ग्रॅम, यावर अर्धा निर्णय तिथल्या तिथे होतो. उरलेला अर्धा होतो गोळ्याच्या पोटात काय हवं यावर.

इथे चार वाटा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: साखरेपासून केलेल्या कार्बन गोळ्यांचा साचा, साच्याशिवाय ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात) वाढवलेले गोळे, भट्टीत सोडलेला फवारा आणि गरम तेलात गोठवलेले थेंब. उपकरणं पूर्ण वेगळी, पण चारही ठिकाणी गोळ्याचं भवितव्य एकाच शर्यतीवर ठरतं. कवच आधी घट्ट होतं की आतला माल आधी बाहेर पडतो? कवच आधी घट्ट झालं आणि आतल्याला बाहेर पडायला वाट मिळाली, तर गोळा पोकळ होतो. दोन्ही एकाच वेगाने झालं तर तो आकसून भरीव होतो. कवच घट्ट झालं आणि वाटच नसली, तर फुटतो. पुढे जिथे जिथे तापमान, वेळ किंवा धातूचं मीठ (नायट्रेट, क्लोराइड वगैरे) बदलायला सांगितलं आहे, तिथे याच शर्यतीचा निकाल बदलायचा प्रयत्न आहे.

| वाट | तयार गोळ्याचा व्यास | पोटात काय | माल किती | पहिला बिघाड |
|---|---|---|---|---|
| कार्बनचा साचा | ०.१ ते १ मायक्रोमीटर | पोकळ, एकाआत एक कवचं | खेपेला ०.१–०.३ ग्रॅम | फुटकी कवचं, मधला भुगा |
| ऑटोक्लेव्ह, साच्याशिवाय | ०.२ ते ०.८ मायक्रोमीटर (फेराइट, म्हणजे मॅग्नेटाइटसारखी लोह-ऑक्साइडं) | दाण्यांचा भरीव गोळा. वेळ दिल्यास पोकळ | ५० मिलीच्या भांड्यात ०.४ ग्रॅमच्या आत | खेपेगणिक बदलणारा आकार |
| फवारा भट्टी | ०.१ ते १ मायक्रोमीटर | दोन्ही शक्य | तासाला अर्धा ग्रॅम, पण अखंड | मापात विखुरणी |
| तेलातले थेंब | काही दशक मायक्रोमीटर ते १ मिलिमीटर | भरीव, सच्छिद्र | दहा-वीस ग्रॅम सहज | वाळताना तडे |

साखरेचा साचा

कवचांची संख्या आणि पोकळी यांवर खरा ताबा हवा असेल, तर ही वाट. ग्लुकोजचं पाण्यातलं द्रावण बंद भांड्यात १६०–१८० अंशांना तापवलं, की ग्लुकोजमधून पाणी निघून जातं, मधले फ्युराल जातीचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तपकिरी कार्बनी गोळे तयार होतात. हे गोळे शुद्ध कार्बन नसतात. त्यांच्या पृष्ठभागावर आणि कातडीखाली हायड्रॉक्सिल व कार्बोनिल गट भरपूर असतात, आणि धातूचे आयन धरून ठेवायचं काम तेच करतात. म्हणून या गोळ्यांना आधी नायट्रोजनमध्ये ८०० अंशांना भाजून 'स्वच्छ' करायचा मोह टाळा. धरणारे हातच जळून जातात.

माप असं ठेवा: ६ ग्रॅम निर्जल ग्लुकोज ६० मिली पाण्यात, म्हणजे साधारण ०.५५ मोलर. भांडं १०० मिलीचं. १८० अंशांना वेळ ४ तासांवरून १० तासांवर नेली, की व्यास काहीशे नॅनोमीटरवरून दीड मायक्रोमीटरच्या आसपास जातो. १४० अंशांखाली गोळे होतच नाहीत, फक्त पिवळा-केशरी रस मिळतो. द्रावण फार दाट घेतलं किंवा वेळ फार लांबवली, तर गोळे एकमेकांना चिकटून डमरू किंवा माळा होतात, आणि त्या माळा पुढे ऑक्साइडमध्ये जशाच्या तशा उतरतात. गाळ सेंट्रिफ्यूज करून आधी पाण्याने, मग इथेनॉलने, वरचा द्रव नितळ होईपर्यंत धुवायचा. तीन धुण्यांत सहसा भागत नाही. मग ८० अंशांना रात्रभर वाळवायचा.

१८० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या दहापट असतो, २०० अंशांना पंधरापटीच्या वर. भांडं ८० टक्क्यांच्या वर भरू नका, आणि कोमट वाटतंय म्हणून उघडू नका. बाहेरचं स्टील गार झालं तरी टेफ्लॉनच्या आतला द्रव बराच वेळ गरम असतो.

आता आयन मुरवणं. ०.६ ग्रॅम कार्बन गोळे ३० मिली धातुमिठाच्या द्रावणात, १५ मिनिटं अल्ट्रासोनिक टबमध्ये, मग ३० अंशांना ४ तास. आयन किती खोल शिरतात यावर कवचांची संख्या ठरते. पातळ द्रावणात ते कातडीपाशीच थांबतात आणि एक पातळ कवच मिळतं. २ ते ५ मोलरपर्यंत गेलात, तापमान किंवा वेळ वाढवली, तर ते गाभ्याकडे सरकतात. चिनी विज्ञान अकादमीतल्या दान वांग यांच्या गटाने दोन, तीन, चार कवचांचे ऑक्साइड गोळे केले ते याच दोऱ्या हातात धरून.

इथली सगळ्यात दुर्लक्षित पायरी म्हणजे मुरवल्यानंतरचं धुणं. अजिबात धुतलं नाही, तर गोळ्यांच्या मधल्या जागेत राहिलेलं मीठ भट्टीत स्वतंत्र दाणे तयार करतं. एसईएममध्ये गोळ्यांभोवती भुगा पसरलेला दिसतो तो हाच. चार-पाचदा धुतलं, तर सैल धरलेले आयनही निघून जातात आणि कवच इतकं पातळ होतं की ते टिकत नाही, बसतं. गाळून एकदाच, फार तर दोनदा धुवा. आणि किती वेळा, किती पाण्याने, हे वहीत लिहा, कारण पुढच्या खेपेत फरक पडला तर पहिला संशयित तोच असतो.

भाजणं हाच खरा मुद्दा. हवेत मिनिटाला १ ते २ अंश या वेगाने ५०० अंशांपर्यंत, तिथे २ तास. कार्बन साधारण ३०० ते ५०० अंशांच्या दरम्यान जळतो. तापमान वाढत असताना गोळ्याच्या बाहेरच्या थरातलं मीठ आधी ऑक्साइड होतं आणि तिथे घट्ट कातडी तयार होते. आतला गाभा जळत आकसतो आणि कातडीपासून सुटतो. त्यात आयन खोलवर असले, तर सुटलेल्या गाभ्यावर पुन्हा तीच गोष्ट घडते आणि कवचात कवच तयार होतं. वेग फारच कमी ठेवला, तर कातडीला गाभ्यासोबत आत ओढलं जायला वेळ मिळतो; ती सुटत नाही आणि एकच, जाड, लहान गोळा उरतो. वेग फार वाढवला, तर जळणाऱ्या कार्बनचा वायू कातडी फोडून बाहेर येतो. म्हणजे मिनिटाला १, २ आणि ५ अंश अशा तीन वेगांनी एकच नमुना भाजून पाहिल्याशिवाय 'आमच्या मिठाने कवचं होत नाहीत' असं म्हणू नये. तयार गोळा मूळ साच्याच्या निम्म्याच्या आसपास, अनेकदा त्याहूनही लहान असतो; ५०० नॅनोमीटरचा ऑक्साइड हवा असेल तर एक मायक्रोमीटरचा साचा घेऊन सुरुवात करा.

नायट्रेट स्वस्त आणि विरघळायला सोपं, पण कार्बनमध्ये मुरलेलं नायट्रेट स्वतःच ऑक्सिजन पुरवतं. वाळवलेला ढीग एकदम पेट घेऊ शकतो, आणि भट्टीचा काटा ३०० दाखवत असताना क्रुसिबलमध्ये (भाजायच्या मुशीत) त्याहून कितीतरी जास्त तापमान होतं. क्रुसिबलऐवजी उथळ, होडीच्या आकाराचं अल्युमिनाचं पात्र घ्या, थर ३ मिलिमीटरहून जाड नको, झाकण नको. झाकण ठेवल्यास उलटंही बिघडतं: ऑक्सिजन कमी पडला की कार्बन ऑक्साइडमधलाच ऑक्सिजन ओढून घेतो, आणि निकेल, कोबाल्ट किंवा तांब्याच्या ऑक्साइडच्या जागी एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) धातूची शिखरं दिसायला लागतात. पूड करडी-काळी राहिली, तर आधी हवा तपासा, मग बाकीचं. क्लोराइडने पेट घेण्याची भीती कमी, पण फेरिक क्लोराइड ३०० अंशांच्या थोडं वर वाफ होऊन उडतं आणि तुमच्या लोखंडाचा हिशेब चुकतो. पहिल्या खेपेला ॲसिटेट चालत असेल, तर ॲसिटेट घ्या.

सिलिकाचाही साचा चालतो. १९६८ साली श्टोबर, फिंक आणि बोन यांनी दिलेल्या कृतीने सिलिकाचे गोळे इतके एकसारखे होतात की मोह आवरत नाही. पण नंतर सिलिका काढायला कॉस्टिक सोडा लागतो, आणि तो झिंक ऑक्साइड व अल्युमिनालाही विरघळवतो. टायटेनिया, झिर्कोनिया, टिन ऑक्साइड यांपुरतं ठीक आहे.

ऑटोक्लेव्हमध्ये, साच्याशिवाय

जिथे पोकळी ही अट नाही, फक्त एकसारखे, मायक्रोमीटरखालचे गोळे हवे आहेत, तिथे साच्याचा खटाटोप कशाला? द्रावणात लहान स्फटिक तयार होतात, प्रत्येकी दहा-पंधरा नॅनोमीटरचे, आणि पृष्ठभागाची ऊर्जा वाचवायला ते एकत्र येऊन गोल गठ्ठा बांधतात. बुंदीचा लाडू डोळ्यांसमोर आणा: बाहेरून एक गोळा, तोडला की दाणे. क्लार्कसन विद्यापीठात एगॉन मातिजेविच यांनी एकसारख्या मापाच्या ऑक्साइड कणांवर आयुष्यभर काम केलं, आणि गुळगुळीत दिसणारे असे कितीतरी गोळे आतून दाण्यांचे असतात, ही समज त्या कामातून पक्की झाली.

सगळ्यात भरवशाची कृती मॅग्नेटाइटची, २००५ पासून सर्वत्र वापरात असलेली. फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट १.३५ ग्रॅम (५ मिलिमोल), इथिलीन ग्लायकॉल ४० मिली, सोडियम ॲसिटेट ३.६ ग्रॅम, पॉलिइथिलीन ग्लायकॉल १ ग्रॅम. अर्धा तास जोरात ढवळायचं, ५० मिलीच्या टेफ्लॉन भांड्यात भरायचं, २०० अंशांना ८ ते ७२ तास ठेवायचं. ग्लायकॉल लोखंडाच्या एका हिश्श्याला फेरिकवरून फेरसवर आणतं, ॲसिटेट सामू वर ठेवतं आणि दाण्यांना फार लवकर चिकटू देत नाही. हिशेबाने जास्तीत जास्त ०.३९ ग्रॅम मॅग्नेटाइट निघतं. वजन त्याहून जास्त आलं, तर धुणं अपुरं आहे.

या कृतीत बाटलीवरचं लेबल वाचणं रसायनशास्त्राइतकंच महत्त्वाचं आहे. ३.६ ग्रॅम हे निर्जल सोडियम ॲसिटेटचं माप आहे, म्हणजे ४४ मिलिमोल. कपाटात बहुधा ट्रायहायड्रेट असतं. त्याचे तेच ३.६ ग्रॅम घेतले, तर ॲसिटेट मिळतं २६ मिलिमोल आणि सोबत जवळजवळ दीड ग्रॅम पाणी. मोल जुळवायला ६ ग्रॅम घेतलं, तर पाणी २.४ ग्रॅम. पाणी वाढलं की लोखंडाचं जलापघटन वेगाने होतं, स्फटिक एकाच वेळी फार संख्येने जन्मतात आणि गोळे लहान, ओबडधोबड होतात. त्यातच फेरस पुरेसं तयार झालं नाही तर काळ्याऐवजी तांबूस-तपकिरी पूड हाती येते. फेरिक क्लोराइड तर पावसाळ्यात बाटलीतल्या बाटलीत ओलं होतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या प्रयोगशाळेत जूनमध्ये 'तीच कृती' करून मार्चमधले गोळे मिळत नाहीत, यामागे बहुतेकदा हीच ओल असते. मीठ डेसिकेटरमध्ये ठेवा आणि पाणी मुद्दाम मोजून घाला. सुकं ग्लायकॉल अधिक ०.५ मिली पाणी ही नोंद कामाची. 'थोडं ओलं असावं' ही नाही.

ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं, त्यामुळे २०० अंशांना भांड्यातला दाब जेमतेम वातावरणाएवढा असतो. पाण्याच्या मानाने हे निवांत काम. मात्र ओव्हन २०० दाखवायला लागल्यावर स्टील आणि टेफ्लॉन ओलांडून आतला द्रव तिथे पोचायला तासभर किंवा जास्त लागतो. '८ तास' कुठून मोजले, हे लिहिलं नाही तर दुसऱ्याला ती खेप करता येत नाही. टेफ्लॉनला चिकटलेले जुने कण पुढच्या खेपेत बीज होतात, म्हणून लोखंडासाठी वेगळी भांडी ठेवा आणि प्रत्येक खेपेनंतर हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा.

पोकळी इथेही मिळते, पण ती मागून मिळत नाही, वाट बघून मिळते. गठ्ठ्याच्या आतले दाणे लहान, सैल आणि कमी स्फटिकी असतील, तर ते विरघळून बाहेरच्या मोठ्या दाण्यांवर जाऊन बसतात. हीच ऑस्टवाल्ड पक्वता. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात यांग आणि झेंग यांनी २००४ मध्ये टायटेनियम टेट्राफ्लोराइडपासून ॲनाटेजचे (टायटेनियाच्या एका स्फटिकरूपाचे) पोकळ गोळे केले ते असे. ती कृती नक्कल करण्याआधी एक लक्षात घ्या: टेट्राफ्लोराइडच्या जलापघटनात हायड्रोजन फ्लोराइड निघतं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (त्याने भाजल्यावरचा पहिला उपाय) शेजारी नसेल, तर ते काम सुरू करू नका.

या पोकळीसाठी वेळेची मालिका लागते: २, ६, १२, २४ तास, प्रत्येक वेळेला वेगळं भांडं, कारण मधे उघडून नमुना काढता येत नाही. चार भांडी नसतील तर ही वाट दोन आठवडे खाते. आणि बाहेरची कातडी आधी घट्ट झालेली नसेल, तर आतून विरघळलेलं सगळं इकडेतिकडे जाऊन बसतं. पोकळ गोळ्याऐवजी विस्कटलेले दाणे मिळतात. ॲसिटेट बदलून अमोनियम ॲसिटेट घेतलं तर मॅग्नेटाइटही पोकळ होऊ लागतं. बुडबुड्यांभोवती दाणे जमतात असं एक स्पष्टीकरण दिलं जातं, पण बुडबुडे आणि पक्वता यांचा वाटा वेगळा काढणं अवघड असतं, आणि केवळ शेवटचा फोटो दाखवून बुडबुड्यांवर पैज लावणाऱ्या निबंधांकडे जरा संशयाने बघावं.

पोकळीचा तिसरा मार्ग किर्केंडॉल परिणामाचा. घन धातूच्या कणातून धातूचे अणू बाहेर जाण्याचा वेग ऑक्सिजन आत येण्याच्या वेगाहून जास्त असला, तर मधे पोकळी उरते. बर्कलीत ॲलिव्हिसाटोस यांच्या गटाने २००४ मध्ये कोबाल्टवर हे दाखवलं. मायक्रोमीटरच्या मापावर मात्र ही पोकळी वेडीवाकडी होते. त्या मापासाठी हा मार्ग धरू नका.

प्रकाशीय कामासाठी, म्हणजे गोळे रचून रंग किंवा फोटॉनिक स्फटिक करायचा असेल, तर माप ५ टक्क्यांच्या आत एकसारखं लागतं. तिथे झिंक ऑक्साइडची दोन टप्प्यांची कृती उत्तम, आणि ऑटोक्लेव्हही लागत नाही. झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ६.६ ग्रॅम (०.०३ मोल) ३०० मिली डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये, रिफ्लक्सखाली (वाफ गार करून परत फ्लास्कमध्ये सोडत) १६० अंशांपर्यंत. पहिल्या फेरीचे गोळे विषम असतात, ते टाकून द्या आणि सेंट्रिफ्यूजनंतरचा वरचा द्रव जपून ठेवा. दुसऱ्या फेरीत तेच माप घेऊन, १५० अंशांना तो द्रव ५ ते २० मिली घाला आणि १६० अंशांना तासभर ढवळा. जितका जास्त द्रव, तितके लहान गोळे. १०० ते ६०० नॅनोमीटरचा पट्टा हाती येतो. यामागचं तत्त्व लामेर यांनी १९५० साली मांडलेलं: सगळे केंद्रक (स्फटिकांचे पहिले अंकुर) एकाच झटक्यात जन्मावेत आणि नंतर फक्त वाढ व्हावी. वाढ चालू असताना नवे जन्मत राहिले, तर वर्गात पहिली ते दहावीची सगळी मुलं एकत्र दिसतात.

फवारा भट्टी

तीन-चार धातू एकाच ऑक्साइडमध्ये ठरलेल्या प्रमाणात हवे असतील, तर वरच्या दोन्ही वाटा डोकेदुखी आहेत. प्रत्येक आयन वेगळ्या वेगाने मुरतो किंवा साका होतो. फवाऱ्यात प्रत्येक थेंबात तेच प्रमाण असतं आणि थेंबाबाहेर जायला त्याला जागाच नसते. या एका गुणासाठी बाकीचे दोष सहन करावेत.

आकाराचा हिशेब आधीच करता येतो. १.७ मेगाहर्ट्झची अल्ट्रासोनिक चकती (घरगुती ह्युमिडिफायरमध्ये असते तीच) पाण्याचे साधारण २.९ मायक्रोमीटरचे थेंब देते. त्यात ०.१ मोलर झिंक नायट्रेट असेल, तर पूर्ण भरीव झिंक ऑक्साइडचा गोळा ०.३३ मायक्रोमीटरचा होतो. ०.०१ मोलरला ०.१५, आणि १ मोलरला ०.७१. व्यास घनमुळाने वाढतो, म्हणून दुप्पट मोठा गोळा हवा तर संहती आठपट करावी लागते आणि तोवर द्रावण दाट होऊन धुकंच निघत नाही. हिशेबापेक्षा गोळे बरेच मोठे आले, तर ते पोकळ आहेत किंवा थेंब वाटेत एकमेकांत मिसळले.

थेंब वाळताना तापल्या दुधावर साय धरते तसा प्रकार होतो. पाणी पृष्ठभागावरून जातं, तिथलं मीठ आधी संपृक्त होतं. वाळणं मंद असलं तर मीठ आत पसरायला वेळ मिळतो आणि सगळा थेंब एकदम गोठतो: भरीव गोळा. वाळणं वेगवान असलं, किंवा मीठ कमी विरघळणारं असलं, तर साय आधी धरते: पोकळ गोळा. आणि सायीला छिद्र नसलं, तर आतली वाफ तिला पुरीसारखी फुगवते, मग फोडते. झिंक नायट्रेटसारखी मिठं इथे त्रास देतात. त्याचं हेक्साहायड्रेट ३६ अंशांनाच वितळतं, त्यामुळे साय सच्छिद्र न राहता चिकट, बंद होते. भरीव गोळे हवे असतील, तर एकाच भट्टीऐवजी दोन विभाग करा: पहिला २००–३०० अंशांचा, दुसरा ७००–९०० अंशांचा.

भट्टीत वेळ किती मिळतो, हे लोक मोजतच नाहीत. ३ सेंटिमीटर आतल्या व्यासाची क्वार्ट्झ नळी, ६० सेंटिमीटरचा गरम पट्टा, हवा मिनिटाला ३ लिटर. ८०० अंशांना हवा साडेतीन पटींहून जास्त प्रसरण पावते आणि थेंबाला मिळतात जेमतेम अडीच सेकंद. स्फटिकता अपुरी आली, तर तापमान वाढवण्याआधी हवा कमी करून पाहा.

तासाला १०० मिली द्रावण धुकं झालं असं धरलं, तर ०.१ मोलरला ०.८ ग्रॅम झिंक ऑक्साइड. त्यातलं बरंचसं नळीच्या भिंतीला लागतं. पूड धरायचा फिल्टर १२० अंशांच्या वर ठेवला नाही, तर वाफ तिथेच पाणी होते आणि गोळ्यांचा चिखल होतो. नायट्रेटमधून तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड येतो. बाहेरची नळी कॉस्टिकच्या बाटलीतून गेली पाहिजे. चकती द्रावण तापवते आणि पाणी आधी उडतं, म्हणून दोन तासांनंतर द्रावण सुरुवातीपेक्षा दाट झालेलं असतं आणि गोळेही मोठे. द्रावणाचं भांडं गार पाण्यात ठेवा.

हीच कल्पना कारखान्यात टनावारी चालते. पोलाद धुतलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वापरलेल्या द्रावणाचा उंच भट्टीत फवारा करून आम्ल परत मिळवतात, आणि खाली लोह ऑक्साइडची पोकळ गोळ्यांची पूड जमते.

तेलातले थेंब

ही वाट आपल्याकडे फार जवळची, आणि ऑक्साइडच्या चर्चेत फार क्वचित आठवली जाणारी. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात युरेनियम आणि थोरियम ऑक्साइडचे इंधनगोळे अंतर्गत जेलीकरणाने केले गेले. पद्धतीचं मूळ नेदरलँड्समधल्या केमा संस्थेत. धातूचं नायट्रेट, युरिया आणि हेक्सामाइन ० ते ५ अंशांना मिसळायचं. थंडीत युरिया धातूला बांधून ठेवतो आणि हेक्सामाइन गप्प असतं. मग हे मिश्रण थेंबाथेंबाने ९० अंशांच्या सिलिकॉन तेलात सोडायचं. गरम होताच हेक्सामाइन फुटून थेंबाच्या आतच, सगळीकडे एकदम, अमोनिया सोडतं आणि थेंब पूर्ण गोठतो. झाऱ्यातून बुंदी पाडावी तसंच, फक्त बुंदी बाहेरून तळली जाते आणि हा थेंब आतून गोठतो. म्हणूनच तो पोकळ होत नाही: साय धरायला वेळच मिळत नाही.

झिर्कोनियासाठी हे उत्तम चालतं. झिंक, कोबाल्ट, निकेल यांची हायड्रॉक्साइडं अमोनियात विरघळून जातात, त्यांच्यासाठी ही वाट नाही. मिश्रण थंड ठेवलं नाही, तर ते भांड्यात किंवा नळीतच गोठतं आणि नळी फेकून द्यावी लागते. तेल काढायला पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइड वापरत. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचा वापर बांधला गेला आहे, दुसरा विद्रावक शोधा. मग पातळ अमोनियाने धुवायचं, धुतलेल्या पाण्याची वाहकता खाली येऊन स्थिर होईपर्यंत. अमोनियम नायट्रेट आत राहिलं, तर वाळवताना किंवा भाजताना गोळ्यांना तडे जातात, आणि हा दोष भट्टीच्या माथी मारला जातो.

मग घ्यायची कुठली

वायू-सेन्सर किंवा प्रकाश-उत्प्रेरक, आणि निबंधाचा मुद्दाच कवचांची संख्या हा असेल, तर साखरेचा साचा. दुसरं काही नको. चुंबकाने ओढून घ्यायचे, जैविक कामाचे कण हवे असतील, तर ग्लायकॉलमधलं मॅग्नेटाइट, आणि पोकळीचा हट्ट सोडा. एक्सआरडीवर मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट (त्याचं सगळं लोखंड फेरिक झालेलं रूप) जवळजवळ सारखेच दिसतात, एवढं मात्र परीक्षकासमोर जाण्याआधी लक्षात असू द्या. तीनहून जास्त धातू असतील, तर फवारा. स्तंभात भरायचे, हाताने चाळता येतील असे गोळे हवे असतील, तर तेल. पहिल्यांदाच करणाऱ्याला आणि एकच टेफ्लॉन भांडं असलेल्याला आम्ही झिंक ऑक्साइडची दोन टप्प्यांची कृती सुचवू: काचेचं फ्लास्क, हीटिंग मँटल, थर्मामीटर, बस. ती दिसायला साधी आहे, पण संहती, केंद्रकं आणि वाढ यांचं नातं एका आठवड्यात हाताला लागतं.

पोकळ झालेत हे सिद्ध करायला एसईएममधला एक फुटका गोळा पुरत नाही. हजारातला एक फुटका गोळा कुठेही सापडतो. टीईएममध्ये (नमुन्याच्या आरपार बघणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) कड गडद आणि मध्य फिकट दिसला पाहिजे, आणि तोही एका नव्हे, निदान शंभर गोळ्यांत. नमुना आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सामायिक केंद्राकडे पाठवणार असाल, तर अर्जात 'आकार बघा' एवढंच न लिहिता कमी विवर्धनाचे, पुष्कळ गोळे एकत्र दिसतील असे फोटो आणि किती गोळे मोजायचे तेही मागा. नाहीतर सगळ्यात देखणा गोळा फोटोत येतो आणि बाकीच्यांचं काय झालं ते कळत नाही. बीईटीचा (वायू शोषून मोजलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाचा) आकडाही पोकळीचा पुरावा नाही. एक मायक्रोमीटरच्या भरीव, गुळगुळीत झिंक ऑक्साइड गोळ्याचं क्षेत्रफळ ग्रॅमला जेमतेम १ चौरस मीटर असतं. तुमच्या नमुन्याला ३० आले, तर ते आतल्या साधारण ३५ नॅनोमीटरच्या दाण्यांचे आहेत, आणि भरीव लाडूतही तेवढेच येतील.